खोटा पेशंट

माझा धाकटा भाऊ डॉक्टर आहे आणि वैद्यकीय मंडळाच्या म्हणण्याप्रमाणे तो सतत शिकत असतो. मंडळाचं म्हणणं खोटं कसं असेल? त्यांच्या कॉम्प्युटरवर तशी नोंदच आहे. डॉक्टरांनी दर वर्षी ठरावीक तास नवं ज्ञान घ्यायचं, त्याचे गुण जमवायचे, आणि गुण भरले की परवाना पुढे चालू. म्हणून भाऊ आत पेशंट तपासत असतो आणि बाहेर माझ्या टेबलावर त्याचं व्याख्यान चालू असतं. मधुमेहातले नवे प्रवाह, म्हाताऱ्यांचे तोल जाणे, असलं काहीबाही. मधूनच व्याख्यान थांबतं आणि पडद्यावर प्रश्न येतो, ‘आपण अजून उपस्थित आहात का?’ मी ‘हो’ दाबते. खोटं कुठे आहे? दवाखाना उघडल्यापासून बंद होईपर्यंत मी याच खुर्चीत उपस्थित असते. गुण मात्र त्याला मिळतात.

मला सगळे ताई म्हणतात. भाऊ म्हणतो म्हणून सिस्टर म्हणते, सिस्टर म्हणते म्हणून पेशंट म्हणतात. माझं काम म्हणजे लोकांना बसवणं, उठवणं आणि गप्प करणं. भावाच्या खोलीची भिंत प्लायवूडची आहे, त्यामुळे आतलं सगळं मला ऐकू येतं. ऐकण्यासारखं फारसं नसायचं म्हणा. ‘काय होतंय?’ असं विचारून पेशंटने तोंड उघडेपर्यंत भावाचं पेन चालू झालेलं असायचं. माणूस वाईट नाही तो. हुशार आहे, हाताला गुण आहे, कुणाला लुबाडणं त्याच्या रक्तात नाही. पण बाहेर बाकं भरलेली असली की त्याला समोरचा माणूस दिसत नाही, त्याच्यामागचे सगळे दिसतात.

हे मंडळाच्याही लक्षात आलं. डॉक्टरांचं ज्ञान वाढतंय, पण ते ऐकत नाहीत, असा शोध त्यांनी बऱ्याच खर्चाने लावला. मला विचारलं असतं तर फुकट सांगितलं असतं. मग त्यांनी खोटा पेशंट काढला. म्हणजे मंडळाचा शिकवून तयार केलेला माणूस, पेशंट म्हणून येणार, खोटं दुखणं सांगणार आणि जाऊन गुण देणार. पहिल्या फेरीत आमच्याकडे एक नट आला होता. त्याने डोकेदुखीचं नाटक सुरू केलं, तर बसायच्या आधीच त्याच्या हातात गोळ्या. ‘डॉक्टरांनी माझ्याकडे एकदाही पाहिले नाही. मी मधेच डोके सोडून गुडघा दुखतो म्हणालो, तरी त्यांनी होकारार्थी मान हलवली,’ असं त्याने लिहिलं. भाऊ नापास.

आता दुसरी फेरी होती आणि तिसरी नव्हती. या खेपेला नापास झाला तर परवाना स्थगित, दवाखान्याला कुलूप, आणि भावाने परगावी जाऊन मंडळाच्या वसतिगृहात राहून ‘रुग्णाचे ऐकून घेताना’ नावाचा कोर्स पुरा करायचा. डोक्यावर केस उरले नाहीत त्या वयात! शिवाय डॉक्टर नाही तिथे सिस्टर कुणाला सुई टोचणार आणि मी कुणाला गप्प करणार? भाऊ वरवर ‘बघू गं’ म्हणायचा, पण त्याचं जेवण निम्म्यावर आलं होतं. मला तेवढंच दिसायचं.

दुसऱ्या फेरीआधी डॉक्टरांनी कर्मचाऱ्यांसह प्रशिक्षणाला यावं, असं फर्मान आलं. आम्ही तिघं गेलो. मोठा हॉल, गोल टेबलं, टेबलावर रंगीत चिकटचिठ्ठ्या आणि कोमट चहा. शिकवायला एक तरतरीत बाई होती, जिने उभ्या आयुष्यात सर्दीच्या सीझनचा दवाखाना पाहिला नसावा. ती म्हणाली, “पेशंट बोलायला लागला की डॉक्टर काही सेकंदांतच त्याचं बोलणं तोडतात, असं पाहणीत दिसलंय.”

“एवढा वेळ थांबतात?” भाऊ माझ्या कानात म्हणाला.

मग तिने उपाय सांगितले. खुर्ची पेशंटकडे वळवा. पेन खाली ठेवा. मधे बोलू नका. तो थांबला की विचारा, ‘आणखी काही?’ शेवटी विचारा, ‘तुम्हाला स्वतःला काय वाटतं?’ हे सगळं आम्ही एकमेकांवर करूनही पाहिलं. सिस्टर डॉक्टर झाली आणि भाऊ पेशंट. सिस्टरने त्याला ‘आणखी काही?’ विचारलं, तेव्हा तो म्हणाला, “हो, इथून कधी सुटणार?” सगळा हॉल हसला. बाईही हसली आणि तिने कागदावर काहीतरी लिहिलं. मी टेबलाखालून भावाला चिमटा काढला.

निघताना तिने बाँब टाकला. “या वेळी नट येणार नाही. लोक नट ओळखायला लागलेत. तुमच्याच नेहमीच्या पेशंटांपैकी एकाला आम्ही तयार केलंय. ते पुढच्या आठवड्यात कधीतरी येतील.”

त्या आठवड्यात आमच्या दवाखान्यात जे चाललं ते कुणी पाहिलं असतं तर आम्हा तिघांना उचलून नेलं असतं. मी लोकांना ‘बसा ना’ म्हणायला लागले. एक गृहस्थ मागे वळून बघायला लागले, मी नक्की कुणाला म्हणतेय म्हणून. सिस्टर सुई टोचण्याआधी परवानगी मागायची, आणि लोक घाबरून परवानगी नाकारायचे. भावाने खुर्ची वळवून वळवून मान धरून घेतली. शेंबूड पुसत बसलेल्या चिमुरडीला त्याने विचारलं, “तुम्हाला स्वतःला काय वाटतं?” तिने भोकाड पसरलं. तिची आई मला बाहेर येऊन म्हणाली, “ताई, खरं सांगा, हिला काही मोठं झालंय का?”

एवढं गोड बोलणं माणसाला झेपत नाही. गुरुवारपर्यंत आम्ही तिघंही थकलो. भाऊ म्हणाला, “ताई, सगळ्यांशी नाही जमत. तू ओळख कोण आहे तो, मी फक्त त्याच्याशी करतो.” मलाही ते पटलं. इतकं शिकून आम्ही दोघांनी हा निष्कर्ष काढला.

आणि त्याच गुरुवारी मुळापासूनकाका आले.

हे नाव सिस्टरने ठेवलं होतं. म्हातारा दर आठवड्याला यायचा. खुर्चीत बसला की म्हणायचा, “मुळापासून सांगतो.” आणि भाऊ म्हणायचा, “मूळ राहू दे काका, पोटात जळजळतंय ना?” काका म्हणायचे, “हो, पोटातच, पण—” तोवर पित्ताची गोळी लिहून झालेली असायची. पुढच्या आठवड्यात परत तेच. ते कुठे राहतात, पूर्वी काय करायचे, आम्हाला काही माहीत नव्हतं. त्यांनी सांगायचा प्रयत्न केला नव्हता असं नाही, पण ते मुळाकडे निघाले की आम्ही त्यांना शेंड्यावरून परत पाठवायचो.

त्या दिवशी त्यांचा अवतार वेगळा होता. कडक इस्त्रीचा शर्ट, गुळगुळीत दाढी. बाकावर न बसता ते इकडेतिकडे बघत होते. मग उठले, औषधांच्या कपाटापाशी गेले, वाकून कुलपाला डोळा लावला, दोनदा हलवून पाहिलं आणि जिभेने च्‌ च्‌ केलं. “हे कुलूप बरं नाही,” ते सिस्टरला म्हणाले. “कुणीही उघडेल.”

सिस्टर पांढरीफटक होऊन माझ्याकडे आली. औषधांचं कपाट नीट बंद असतं का, हे मंडळाच्या तपासणीतलं पहिलंच कलम होतं. “ताई, हेच!” ती कुजबुजली. मलाही पटलं. किती बेरकी माणूस! इतके महिने दर आठवड्याला येऊन काय काय टिपून घेतलं असेल देव जाणे. मी प्लायवूडवर ठरल्याप्रमाणे टकटक केली. आत खुर्ची वळल्याचा आवाज आला.

बाकावर आणखी पुष्कळजण होते. त्यांत मोठ्या बाई होत्या. कुठल्याशा शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, रक्तदाबाच्या गोळ्या लिहून घ्यायला महिन्यातून एकदा येणाऱ्या, अतिशय शांत. त्यांचा नंबर काकांच्या आधी होता. मी काकांना आधी सोडलं. मोठ्या बाई उठून म्हणाल्या, “ताई, मला जरा चक्करही येतेय.” मी म्हटलं, “बाई, चक्कर सगळ्यांनाच येते. बसा तिथे, आज डॉक्टरांना महत्त्वाचं काम आहे.” आठवडाभराचं गोड बोलणं माझ्या घशाशी आलं होतं, ते असं बाहेर पडलं.

आत भाऊ म्हणाला, “बोला काका. मुळापासून सांगा.”

काकांना हे अपेक्षित नसावं. मग त्यांनी सुरुवात केली आणि खरोखरच मुळापासून केली. वडिलांचं कुलपांचं दुकान, मग त्यांचं स्वतःचं. आयुष्यभर कुलपं दुरुस्त केली. बायको गेल्यावर दुकान विकलं आणि मुलाकडे राहायला आले. घर वरच्या मजल्यावर, लिफ्ट नाही. भाऊ मधे बोलला नाही. त्याला हा सगळा मंडळाने लिहून दिलेला मजकूर वाटत होता, आणि मलाही. काय बारकावे घातलेत, असं मी मनातल्या मनात म्हटलंसुद्धा.

“लोक कुलूप घेऊन यायचे आणि म्हणायचे, किल्ली अडकते,” काका सांगत होते. “मी विचारायचो, कुठे अडकते? शिरताना की फिरवताना? ते कुणालाच सांगता यायचं नाही. मला माझं सांगता येतं डॉक्टर. पहिल्या जिन्याला काही नाही. दुसऱ्या जिन्याच्या वळणावर अडकतं. इथे, पोटाच्या वर. कुणीतरी पान्याने आवळल्यासारखं. थांबलो की सुटतं. चालत तुमच्याकडे येऊन बाकावर बसेपर्यंत काहीच राहत नाही, मग मी पोटात जळजळतं म्हणतो, नाहीतर तुम्ही म्हणता.”

“आणखी काही?” भावाने विचारलं. अगदी शिकवलं होतं त्या सुरात.

“आज जिना न चढताच आलं. आरशासमोर दाढी करत होतो. पार जबड्यापर्यंत गेलं. हात थांबवला, तरी लगेच सुटलं नाही.”

“तुम्हाला स्वतःला काय वाटतं?”

काका म्हणाले, “मला वाटतं, हे पोट नव्हे. म्हणून नवा शर्ट घातला. म्हटलं, कुठे घेऊन गेले तर बरा दिसावा.”

भाऊ बाहेर आला. चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. “पोटाचं सोंग घेतलेलं हृदय!” तो माझ्या कानाशी म्हणाला. “चांगली केस दिलीय मंडळाने. ओळखली मी. आता कार्डिओग्राम काढला की पैकीच्या पैकी.” त्याने सिस्टरला मशीन आत न्यायला सांगितलं. मी कपात गार झालेला चहा आनंदाने पिऊन टाकला. मनातल्या मनात आम्ही पास झालो होतो.

मग मशीनची घरघर ऐकू आली, आणि नंतर काहीच ऐकू येईना. मी दार ढकललं. काका शर्ट उघडून पलंगावर पडले होते, सिस्टर त्यांच्या छातीवरच्या तारांकडे बघत होती, आणि भाऊ हातात कागदाची पट्टी धरून उभा होता. हसू गेलं होतं.

“ताई,” तो म्हणाला, “हा आलेख खोटा नाही.”

पुढचं सगळं भराभर झालं. जिभेखाली गोळी, चघळायला गोळी, ॲम्ब्युलन्स, मोठ्या हॉस्पिटलला फोन. भाऊ दवाखाना तसाच टाकून त्यांच्याबरोबर गेला. मी काकांच्या मुलाला फोन केला. नंबर काकांनी सांगितला, तेव्हा कळलं की त्यांना मुलगाच नव्हे, एक नातही आहे आणि तिला आजोबांनी शिट्टी वाजवायला शिकवलंय. हे सगळं ते ॲम्ब्युलन्सची वाट बघताना सांगत होते. मुळापासून. त्यांचा हात माझ्या हातात होता.

बाहेर आले तेव्हा मोठ्या बाई निघून गेल्या होत्या.

काकांच्या हृदयाच्या नळ्या जवळजवळ बंद होत्या. त्याच रात्री ऑपरेशन झालं. पित्ताची आणखी एक गोळी खाऊन घरी गेले असते तर बहुतेक जिन्यावरच राहिले असते, असं तिथल्या डॉक्टरांनी भावाला सांगितलं, आणि “वेळेत ओळखलंत” म्हणून त्याचा हात हातात घेतला. त्या रात्री भाऊ जेवलाच नाही. “कसलं ओळखलं गं,” एवढंच म्हणाला.

मंडळाचा निकाल आला. परीक्षक होत्या मोठ्या बाई. त्यांनी जे लिहिलं त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. नंबर डावलला, चक्कर सांगूनही दुर्लक्ष केलं, स्वागताला बसलेल्या महिलेने तुसडेपणाने उत्तर दिलं, डॉक्टर एकाच पेशंटमध्ये गुंतले आणि मग सरळ निघून गेले. नापास.

भावाने अर्ज केला. त्या पेशंटचा जीव वाचला, हॉस्पिटलला विचारा, असं लिहिलं. मंडळाचं उत्तर तत्परतेने आलं. सदर रुग्ण वाचल्याबद्दल मंडळाला समाधान आहे. मात्र सदर रुग्ण या मूल्यमापनाचा भाग नव्हता. सोमवारपासून परवाना स्थगित. कोर्सला येताना अंथरूण-पांघरूण आणावे.

शेवटच्या दिवशी बाकं नेहमीसारखीच भरली होती. लोकांना दवाखाना बंद होणार हे सांगितलं होतं, म्हणून प्रत्येकाला आजच सगळं दुखत होतं. त्यांत काका आले. बारीक झालेले, हळू चालणारे, पण आले. येताना खिशातून नवं कुलूप काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवलं. “कपाटाला लावा,” म्हणाले. मग खाली वाकून, कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात त्यांनी विचारलं, “ताई, डॉक्टरांची तब्येत कशी आहे आता?”

“त्याला काय धाड भरलीय?”

“नाही, त्या दिवशी ते… खुर्ची माझ्याकडे वळवली. पेन खाली ठेवलं. एकदाही मधे बोलले नाहीत. मला वाटलं, यांना बरं नाही.”

मी हसले. मग हसू आपोआप बंद झालं. त्या माणसाला खोटं सांगायची मला लाज वाटली, म्हणून खरं सांगून टाकलं. मंडळ, खोटा पेशंट, कपाटाचं कुलूप, सगळं. आम्ही तुम्हाला परीक्षक समजलो, म्हटलं.

त्यांनी ते नीट ऐकून घेतलं. मधे बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे मी परीक्षक नाही हे कळलं असतं तर?”

“तर पित्ताची गोळी देऊन घरी पाठवलं असतं,” मी म्हटलं. “मीच पाठवलं असतं, बाहेरच्या बाहेर.”

काका रागावतील असं वाटलं. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसती मान हलवली, एखाद्या बिघाडाचं कारण सापडल्यावर हलवावी तशी. “मग आज आत जाऊ ते कसा जाऊ?” त्यांनी विचारलं. “परीक्षक म्हणून, की पेशंट म्हणून?”

प्लायवूडच्या पलीकडे पेनाचा आवाज थांबला होता. म्हणजे इकडचं बोलणं तिकडेही ऐकू जातं. इतकी वर्षं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

दार उघडलं. पेशंटला न्यायला भाऊ स्वतः बाहेर आलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. त्याचे डोळे लाल होते आणि हातात पेन नव्हतं. त्याला आता कुणी गुण देणार नव्हतं, कुणी कापणारही नव्हतं. तो बाकांकडे न बघता काकांकडेच बघत होता.

“या काका,” तो म्हणाला, आणि त्यांचा दंड धरून त्यांना आत घेऊन गेला. दार लागलं. “मुळापासून सांगू?” असं काकांनी विचारलेलं ऐकू आलं. त्यावर भाऊ काय म्हणाला ते ऐकू आलं नाही, पण खुर्ची वळली.

बाकावरचा एकजण घड्याळ दाखवत माझ्याकडे आला. “ताई, किती वेळ लागेल?”

“लागेल,” मी म्हटलं. “तुम्ही बसा. तुम्हाला काय होतंय, ते मला सांगा तोवर.”